घागरडोहावरचा अंघोळीचा टब

मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा. मी एक जुना अंघोळीचा टब आहे आणि घोड नदीच्या काठावर, निमोण्याच्या शिवारात, एका करंजाच्या झाडाखाली उभा आहे. खरं म्हणजे आडवा आहे. टबाला उभं राहता येत नाही. माझ्या कडेला एके काळी गुलाबी कमळांची वेलबुट्टी होती. म्हशींच्या खरखरीत जिभांनी ती चाटून नेली. आता एकच कमळ उरलं आहे, तेही अर्धं. तरी पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्या आयुष्यात जे घडलं ते फार थोड्या टबांच्या वाट्याला येतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी इतका चकाकत होतो, की मला पुसणारा कामगार माझ्यात बघून भांग पाडायचा. माझे भाऊबंद मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत गेले. मला मात्र पुणे-सोलापूर हायवेवर, भांडगावजवळ लॉज चालवणाऱ्या एका मालकानं उचललं. टब असला की खोलीला 'डिलक्स' म्हणता येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं मला कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं आणि दारावर पाटी रंगवून घेतली. रंगाऱ्यानं 'डिलक्स'ऐवजी 'डिलास्क' लिहिलं. मालक म्हणाला, "असू दे, गिऱ्हाइकाला कळतंय."

मित्रांनो, तिथं मी कित्येक वर्षं काढली, पण माझ्यात बसून कुणी अंघोळ केली नाही. येणारा प्रत्येक जण मला बघून खूश व्हायचा, माझ्यासोबत फोटो काढायचा, आणि मग माझ्यात उभा राहून, बादलीत पाणी घेऊन, तांब्यातांब्यानं अंगावर ओतायचा. एका वऱ्हाडानं माझ्यात बर्फ टाकून मठ्ठ्याची पातेली गार करत ठेवली. एका ड्रायव्हरनं ताडपत्री धुतली. एक आजोबा मात्र धोतर सावरत आत बसले होते. मला वाटलं, आज आपलं सोनं झालं! पण त्यांना फक्त पायाची नखं काढायची होती.

पुढे मालकानं खोल्या नव्या केल्या, भिंतीला शॉवर लावले आणि मला मागच्या अंगणात, फुटक्या खुर्च्यांच्या शेजारी नेऊन टाकलं. तिथं एक मांजरी माझ्यात व्याली. ती गेली, पिल्लं गेली, मग पालापाचोळा साचला. शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवर मी पालथा पडलो आणि मनाशी म्हणालो, संपलं आता.

पण संपलं नव्हतं. त्याच सुमाराला इकडे निमोण्यात दोन म्हाताऱ्या कडाकडा भांडत होत्या, आणि त्या भांडणात माझं नशीब शिजत होतं.

ही भांडणाची हकिगत मला नंतर कळली. ती सांगणारी भागुबाई. भागुबाई म्हणजे नदीच्या अंगाला बुद्धविहाराशेजारी राहणारी, वाळक्या शेंगेसारखी काटक बाई. गळ आणि छोटं जाळं घेऊन ती रोज माझ्यासमोरच्या घागरडोहावर, म्हणजे नदीतल्या खोल पाण्यावर, येते. मासे धरते, बाजारात विकते, आणि दिवसभर बोलते. ऐकायला कुणी नसलं तर मला सांगते, कारण मी उठून जाऊ शकत नाही. तिच्या बोलण्यानं मासे पळून कसे जात नाहीत, हे कोडंच आहे. बहुधा त्यांनाही पुढं काय झालं ते ऐकायचं असतं.

तर घागरडोहाच्या काठाला लव्हाळ्याचं दाट बेट होतं. लव्हाळ्याच्या बुडाशी पाणी उथळ आणि कोमट असतं. मरळ नावाचा मोठा मासा तिथं काड्या-पानं बाजूला सारून अंडी घालतो आणि नर-मादी मिळून राखण करतात. लहान मासेसुद्धा मोठ्यांच्या तोंडून वाचायला त्याच लव्हाळ्यात शिरतात. म्हणजे डोहाचं खोल पाणी हे माशांचं घर असेल, तर हा काठ म्हणजे त्यांचा पाळणा.

आणि या पाळण्यातून रोज म्हशी जायच्या.

म्हशी होत्या साखरबाईच्या. साखरबाईचं शेत डोहाच्या वरच्या अंगाला, गोठाही तिथंच. नावात साखर, बोलण्यात मिरची. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळीचं नाव काढायचं नाही. तिच्या म्हशींची पुढारीण होती एक थोराड, आखूड शिंगांची म्हैस. ती कुठंही चालू लागली की माणसांनी बाजूला व्हायचं आणि कुणी 'का?' म्हणून विचारायचं नाही. म्हणून सारं गाव तिला 'कलेक्टरीण' म्हणायचं. कलेक्टरीण पुढं, बाकीच्या मागं, अशी वरात लव्हाळ्याचे कोवळे कोंब खात, चिखल तुडवत पाण्यात उतरायची. दोन-तीन वर्षांत लव्हाळा नाहीसा झाला, दरड ढासळली, काठाचा नुसता राडा झाला. भागुबाईच्या गळाला मरळ लागेना. लागायची ती बोटभर चिलापी मासळी.

एरवी भागुबाई साखरबाईला 'तुम्ही' म्हणायची. त्या दिवशी तिनं पदर खोचला आणि 'तू'वर आली.

"साखरबाई, तुझ्या म्हशी आवर! समदा काठ तुडीवला. मरळीनं अंडी घालायची कुठं? तुझ्या पदरात?"

"भागे, मी माळकरी बाई. माझ्या पदरापाशी मासळीचं नाव काढू नगंस!"

"मासळीचं न्हाई, मी म्हशीचं नाव काढतीय."

"नदी तुझ्या एकटीची हाय व्हय? म्हस पाण्यावर न्हाई जायाची, तर काय हाटेलात जायाची?"

भागुबाईनं दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्या तोडून काठावर कुंपण घातलं. कलेक्टरिणीनं ते हुंगलं, त्याला पाठ खाजवली आणि पलीकडे गेली. बाकीच्याही पाठ खाजवून पलीकडे गेल्या. भागुबाईनं पुन्हा कुंपण घातलं. आता तर म्हशींना त्याची गोडीच लागली. दूरवरून दुसऱ्यांच्या म्हशीसुद्धा पाठ खाजवायला येऊ लागल्या.

भागुबाईचा लेक संघर्ष रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आईच्या हातातले काटे काढता काढता तो म्हणाला, "आये, तू काय बी घाल. म्हशीला तहान लागती ती लागतीच. कुंपणानं तहान थांबती व्हय? तिला पाणी वरच मिळालं, तर ती एवढा उतार कशाला उतरंल?"

"मग मी काय, घागरी घेऊन म्हशीला पाणी पाजू?"

"बघतो कायतरी."

त्यानंतर चारेक दिवसांनी तो सासुरवाडीला खुटबावला गेला होता. परतताना भांडगावपाशी भंगाराच्या दुकानात त्याला मी दिसलो. पालथा, धुळीनं माखलेला. त्यानं मला सुलटं केलं, बोटानं ठोकून पाहिलं, बूच ओढून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात एका वेळी तीन म्हशी तोंड घालत्याल." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती पहिली खरीखुरी स्तुती.

टेंपोतून मी निमोण्यात शिरलो तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी विचारलं, "काय रं संघर्ष, म्हशीला साबण कंचा आणलास?" कुणी म्हणालं, "टावेल बी लागंल की!" मी कमळं मिरवत पुढं निघालो. हायवेवर राहिलेल्याला असल्या बोलण्याची सवय असते.

मला करंजाच्या सावलीत, उतार सुरू होतो तिथं, जमीन सपाट करून बसवलं. आता पाणी कुठून आणायचं? तर त्या कामी एक अनपेक्षित माणूस धावून आला. कोंडिबा आबा, म्हणजे साक्षात साखरबाईचे यजमान.

आबा फार कमी बोलतात. घरात बोलायची त्यांची पाळीच येत नाही. पण आबांच्या पोटात एक दुःख होतं. आबांना मरळीचं कालवण प्राणाहून प्रिय. घरात तर चूल बाटायची भीती, म्हणून ते भागुबाईच्या ओट्यावर बसून गुपचूप जेवायचे आणि घरी जाण्याआधी तोंडात बडीशेप टाकायचे. काठ उजाड झाला, मरळ नाहीशी झाली आणि आबा चिलापीवर दिवस काढू लागले. ते संघर्षला म्हणाले,

"माझ्या मोटरीचा पाइप जोड ह्याला. पर हिला सांगू नगंस."

"आबा, पाइप शेताच्या बांधावरनं येणार. लपायचा कसा?"

"ती खाली बघतच न्हाई रं. भांडताना माणूस समोर बघतंय."

आणि खरंच, पाइप जोडला, पाणी आलं, मी काठोकाठ भरलो, तरी साखरबाईच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा तिनं आबांना विचारलं, "ह्यो पाइप कुठला?" आबा आभाळाकडे बघत म्हणाले, "पाइपाला काय गाव असतंय व्हय?"

पण म्हशी! कलेक्टरीण माझ्यापाशी आली, वाकली, पाण्यात तिला दुसरी म्हैस दिसली. फुर्रकन नाक उडवून ती मागं सरली आणि सरळ नदीकडे गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडं पाठ करून शेपूट वर केलं, आणि पुढं जे झालं ते मी सांगत नाही. भागुबाईनं मला घासून धुतलं आणि साखरबाई वरून हसत म्हणाली, "बघ भागे, म्हशीनं सही केली!"

मग संघर्षनं पाण्यावर मूठभर सरकी पेंड टाकली. कलेक्टरिणीच्या नाकपुड्या हलल्या. तिनं एक डोळा मिटला आणि ओठ पाण्याला लावले. आहाहा! मित्रांनो, ते पाणी खेचताना होणारा आवाज तुम्ही ऐकला आहे का? जमिनीच्या पोटातून मोठा श्वास वर यावा तसा. ती प्यायली, दुसरी प्यायली, सगळ्या प्यायल्या. त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, की आपण काहीतरी आहोत.

पण गर्व वाईट. चैत्रातली एक दुपार होती. ऊन असं, की करंजाची सावलीसुद्धा गरम. कलेक्टरीण पाणी प्यायली आणि जराशी विचारात पडली. मग तिनं एक पुढचा पाय माझ्यात ठेवला. मग दुसरा. मी मनात म्हणालो, हिला काहीतरी हरवलेलं शोधायचं असेल. एवढ्यात मागचे दोन्ही पाय आले, आणि एक लांब सुस्कारा सोडून ती माझ्यात खाली बसली.

मित्रांनो, माझी जन्माची इच्छा पूर्ण झाली! माझ्यात कुणीतरी बसून अंघोळ करत होतं! फक्त ते कुणीतरी म्हणजे गाभण म्हैस होती, आणि माझी रुंदी तिच्या मापाची नव्हती.

अंघोळ होईपर्यंत ती सुखात होती. उठायला गेली तेव्हा मी तिच्यासोबत उठलो. ती घाबरून पुन्हा बसली ती पक्कीच रुतली. पाय पोटाखाली, पोट माझ्या दोन्ही भिंतींना घट्ट. तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून साखरबाई पायात चप्पल नसताना पळत आली.

"मारली! माझी म्हस मारली! भागे, तुझ्या ह्या परातीनं माझी लक्ष्मी मारली!"

हा हा म्हणता माणसं जमली. त्यात दादा होते. दादा म्हणजे गावातलं प्रत्येक काम आपल्याशिवाय अडलंय असं मानणारे पुढारी. ते म्हणाले, "जेसीबी बोलवा." एकानं फोन काढून शूटिंग सुरू केलं. चौघांनी मला उचलायचा प्रयत्न केला, पण म्हैस आणि पाणी यांच्या वजनानं मी जागचा हललो नाही. दादा म्हणाले, "मग घणानं टब फोडा."

साखरबाई ओरडली, "फोडा! फोडा!"

तेव्हा भागुबाई मधे आली. "फोडू नगा! ह्याच्या चिपा सुरीवाणी असत्यात. तिच्या पोटात शिरल्या मंजी? पोटात जीव हाय तिच्या."

 साखरबाईचा चेहरा उतरला. कलेक्टरीण डोळे पांढरे करून धडपडत होती, आणि प्रत्येक धडपडीला अधिकच रुतत होती. भागुबाई तिच्या तोंडाशी बसली, कपाळावर हात ठेवला आणि बोलू लागली. काय बोलली? काहीही. बाजारात वांगी कशी सडकी निघाली, सुनेनं मिक्सर कसा बिघडवला, औंदा आंब्याला मोहर कसा कमी. एका सुरात, न थांबता. हळूहळू म्हशीचे कान खाली आले. श्वास संथ झाला. उभ्या निमोण्यात भागुबाईच्या बडबडीचा असा उपयोग कुणी पाहिला नव्हता.

इकडे मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, "बूच काढा रे, बूच!" पाणी गेलं की वजन उतरेल, मग मला कलता करता येईल, हे मला कळत होतं. पण टबाचं ओरडणं म्हणजे नुसते बुडबुडे. ते पाहून दादा म्हणाले, "म्हशीला गॅस झाला."

शेवटी साखरबाईनं, म्हशीचा पाय कुठं अडकलाय ते बघायला, खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. चाचपताना तिच्या बोटांना साखळी लागली.

"हे काय गं भागे?"

"वढ की! वढ!"

गुड् गुड् गुड् करत सगळं पाणी उतारावरून निघून गेलं. संघर्षची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं आणि आणखी पाच-सहा जणांनी माझ्याखाली पहारी सारल्या, "एक, दोन..." म्हणत मला कुशीवर केलं, आणि कलेक्टरीण एखाद्या पोत्यासारखी गवतावर घरंगळली. माझ्या अंगात कड्कन आवाज झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. ती चार पायांवर उभी राहिली आणि साखरबाई तिच्या गळ्यात पडून रडू लागली. रडता रडता तिनं दुसऱ्या हातानं भागुबाईचा दंड धरला होता. तो तिनं बराच वेळ सोडला नाही.

जनावरांच्या डॉक्टर अनुपमाताई आल्या. पोटातलं सुखरूप होतं, पण मागचा पाय मुरगळला होता. त्या म्हणाल्या, "हिला उतार चढू-उतरू द्यायचा नाही. बरी होईपर्यंत इथंच बांधा, इथंच पाणी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई तांब्याभर दूध घेऊन भागुबाईच्या ओट्यावर गेली. तांब्या ठेवला आणि तशीच परत आली. मित्रांनो, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. भागुबाईनं तांब्या घासला, आणि माळकरणीला काय द्यावं याचा विचार करून, त्यात शेवग्याच्या शेंगा उभ्या करून पाठवल्या. संघर्षनं कंपनीतून फायबर भरायचा मसाला आणून माझा तडा बुजवला. माझ्या मध्यभागी आडवी दांडी बसवली, म्हणजे तोंड आत जाईल, म्हैस नाही.

आता गंमत बघा. कलेक्टरीण करंजाला बांधलेली. ती नदीवर जाईना. आणि ती जात नाही म्हटल्यावर बाकीच्या म्हशींनाही वाटेना, की जावं. त्या नदीकडे दोन पावलं टाकायच्या, मागं वळून पुढारिणीकडे बघायच्या आणि परत माझ्याकडे यायच्या. त्यांची डुंबायची हौस साखरबाई पाइपानं अंगावर पाणी मारून भागवू लागली. कुणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही. एका म्हशीचा पाय मुरगळला आणि घागरडोहाच्या काठाला सुट्टी मिळाली.

चिखल वाळला. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं तेव्हा काठ ओला झाला आणि काळ्या राड्यातून हिरव्या सुया वर आल्या. बघता बघता लव्हाळा गुडघाभर झाला. मग एक दिवस साखरबाई पाय धुवायला खाली उतरली, आणि तिची किंकाळी ऐकून करंजावरचे बगळे उडाले.

"आगं आई गं! चावलं! भागे, नदीत कायतरी हाय!"

भागुबाई धावत गेली. साखरबाईचा अंगठा लाल झाला होता. लव्हाळ्याशेजारी पाण्यात शेंदूर सांडावा तसा ठिपका हलत होता. शेकडो इवलीशी पिल्लं, एकमेकांना चिकटून. आणि त्यांच्याखाली दंडाएवढी काळी मरळ, तोंड साखरबाईकडे करून.

भागुबाईचा आवाज प्रथमच बारीक झाला. "किती वरसानं दिसली गं. पिल्लांपाशी गेलीस म्हणून चावली. आई हाय ती."

साखरबाई अंगठा धरून पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्यावाणीच हाय रांड. जवळ आलं की फाडून खाती."

त्या दिवसापासून घागरडोहाला पहारेकरीण मिळाली. कलेक्टरीण बरी झाली, व्याली, तिला छान पारडी झाली. तरी साखरबाईनं म्हशींना उतारावर पाऊल टाकू दिलं नाही. आपल्याच नव्हे, गावच्याही. कुणाची गाय-शेळी दिसली की तिचा आवाज पार निमोण्याच्या वेशीत ऐकू जायचा. "वर पाणी हाय! वर! डोळं फुटलं का?"

हे दादांना खपेना. एक दिवस ते आपल्या गाई घेऊन आले आणि जरा आवाज खाली करून साखरबाईला म्हणाले, "वयनी, नदीचा काठ समद्या गावाचा. आन् आपली जनावरं त्यांच्या टबातलं पाणी पिणार व्हय? जरा इचार करा."

मी ऐकत होतो. करंजाखाली जाळं विणत बसलेली भागुबाईही ऐकत होती. तिचे हात थांबले.

साखरबाईनं कमरेवर हात ठेवले. "दादा, तुमी रोज डेअरीत दूध घालता. तिथं समद्यांचं दूध एकाच टाकीत जातंय. कवा वळखलं का, कुणाचं कंचं ते? आन् त्याच दुधाचा च्या फुरक्या मारून पिता. तवा न्हाई इचार आला? तुमच्यापरीस म्हशीला जास्त अक्कल हाय. तिनं पाणी बघितलं, कुणाचं ते न्हाई इचारलं. काठ समद्या गावाचा हाय, म्हणून तर राखायचा. प्यायाचं आसंल तर वर पाजा, न्हाई तर गाईंना हाटेलात न्या!"

दादा गाईंना हाकायला वळले. पण त्यांच्या गाई तोवर माझ्यात तोंड घालून केव्हाच पिऊ लागल्या होत्या. भागुबाईचे हात पुन्हा चालू लागले. त्या संध्याकाळी तिनं मला हीच गोष्ट दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा मधेच थांबून पदरानं डोळे पुसले.

या सगळ्यात एकाच माणसाचं वाटोळं झालं. कोंडिबा आबांचं. मरळीसाठी ज्यांनी चोरून पाइप दिला, त्यांच्या वाट्याला मरळ येईना. साखरबाईनं फर्मान काढलं होतं, "पिल्लं मोठी हुईस्तवर काठाला कुणी गळ टाकायचा न्हाई. भागे, तू बी न्हाई." भागुबाई हसून म्हणाली, "अगं, हे मलाच सांगतीस? माझी आये ह्येच म्हणायची." तोवर ती खालच्या डोहावर जाऊन चिलापी धरायची. आबा रोज माझ्या कडेवर बसून पाण्यातला तो शेंदरी ठिपका बघायचे आणि सुस्कारे टाकायचे.

"आबा, काय बघताय?" संघर्षनं एकदा विचारलं.

"कालवण पवतंय रं," आबा म्हणाले.

पावसाळा सरला. पिल्लं पांगली, काळी झाली, खोल पाण्यात गेली. लव्हाळ्यात आता खेकडे, झिंगे, बारकी मासळी अशी दाटी, की खंड्या पक्ष्याला कुठं सूर मारावा ते ठरवता येईना. दिवाळी झाल्यावर एका सकाळी भागुबाईच्या गळाला हाताएवढी मरळ लागली. तिनं ती आधी साखरबाईला नेऊन दाखवली. साखरबाईनं माळेला हात लावला, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "ह्यास्नी ओट्यावर बोलव जेवायला. बडीशेप खाऊन चोरावाणी येत्यात, ते मला काय ठावं न्हाई व्हय? आन् भाकरी तू करू नगंस. तुझ्या भाकरीला पदर सुटत न्हाई. मी देते."

आबा दोन भाकरी जास्त जेवले. मग कालवणानं माखलेला हात हवेत धरून माझ्यापाशी आले. हात बुडवणार, तोच वरून आवाज आला, "म्हशीचं पाणी हाय त्ये! बाटवू नगा!" आबा नदीकडे वळले. "तिकडं बी न्हाई! माशांची पोरं असत्यात काठाला!" आबा उतारावर मधोमध, एक हात वर करून, भर दुपारी कितीतरी वेळ उभे होते. शेवटी भागुबाईच हसत हसत तांब्या घेऊन आली आणि तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

मित्रांनो, तुमच्याही गावाला नदी असेल, ओढा असेल. त्याच्या काठाचं गवत म्हणजे वाया गेलेली जागा, असं समजू नका. तिथं कुणाचे तरी पाळणे बांधलेले असतात. गुरांना तिथून नुसतं हाकलून लावू नका. त्यांची तहान खरी असते. त्यांना वरच, सावलीत, भांडं भरून पाणी ठेवा. टाकी असो, हौद असो, जुनं टिपाड असो. आणि काठ थोडा एकटा सोडा. त्याला काही शिकवावं लागत नाही. म्हशीची पावलं थांबली की गवताला आपोआप आठवतं, कुठं उगवायचं ते.